गाडीची ओटी

माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या अंगाला, इंधनाच्या झाकणावर, पांढऱ्या ऑइलपेंटनं ठसठशीत मराठीत 'पेट्रोल' असं लिहिलेलं आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या रंगाऱ्याचं ते अक्षर. हात सवयीचा, त्यामुळं शेवटच्या 'ल'पाशी त्यानं एक लाल फूलही काढून टाकलंय. एवढ्या भारी गाडीवर असलं काही बघितलं की लोक हसतात. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमधली मुलगी दर खेपेला अदबीनं विचारते, "मॅडम, हे काढून देऊ का? डाग राहणार नाही." आणि मी दर खेपेला सांगते, "बाई, सगळी गाडी धू, तेवढं सोड."

ते का सोडायचं हे सांगायला बसलेय, पण आधी गाडी सांगायला पाहिजे.

आमच्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात मोठी गाडी म्हटली की डिझेलचीच. ट्रॅक्टर डिझेलचा, टेम्पो डिझेलचा, पुढाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या डिझेलच्या. पेट्रोल म्हणजे मोटरसायकल नाहीतर पोरींच्या स्कूटी. माझ्या मुलानंही डिझेलचीच बघून ठेवली होती. त्याचं लोणी देवकरला छोटं युनिट आहे, कारखान्यांना सुटे भाग करून देतो. माझी इकडं बारामतीजवळ उसाच्या रोपांची रोपवाटिका. म्हणजे घरातली निम्मी माणसं रोज रस्त्यावर. गाडी तर लागणारच होती. पण मी म्हटलं, गोठ्याच्या पत्र्यावर सोलरच्या पाट्या बसवल्यात, दुपारभर वीज सांडून चाललीय, मग गावातल्या गावात गाडी त्या विजेवर का पळू नये? आणि लांब जायचं झालं तर इंजिन असू दे पोटात. असली दोन्ही प्रकारची गाडी मिळते, हे मला मोबाईलवर कळलं. शाळा माझी सातवीत सुटली, पण वाचायचं कुणी सोडवलं नाही.

शोरूममधला पोरगा सगळं माझ्या मुलाकडं बघून सांगत होता. मला म्हणाला, "काकू, तुम्ही मागं बसून बघा. मागची सीट एकदम आरामाची आहे."

मी म्हटलं, "मागची सीट ह्याला दाखवा. मी पुढं बसते, स्टिअरिंगच्या हिकडं."

मुलगा गालात हसला. त्याला माहीत होतं. मी लग्नाआधी ट्रॅक्टर चालवायला शिकलेली बाई आहे. सणसरला, माहेरी, थोरल्या भावानं शिकवला. त्या काळात पोरगी ट्रॅक्टरवर बसली की गाव बांधावर येऊन उभं राहायचं. दादा गावाकडं बघायचा नाही आणि मलाही बघू द्यायचा नाही. "म्होरं बघ," म्हणायचा. "आन् एक ध्यानात ठेव. यंत्रानं येगळा आवाज केला, वास आला, काय बी शंका आली, तर आधी बंद कर. मग इचार कर. लोक इचार करत करत चालवत्यात आन् मग बोंबलत्यात." पुढं सासरी जीप चालवली, टेम्पो चालवला, आता ही. दादाचं ते वाक्य मात्र तेच राहिलं.

तर ही गाडी दोन तोंडांची. डाव्या अंगाला पुढं एक झाकण, त्यात चार्जरची वायर लागते. उजव्या अंगाला मागं दुसरं, त्यात पेट्रोल. विजेवर असली की आवाज नाही. सुरुवातीला आमची कुत्रीसुद्धा उठायची नाहीत, गाडी अंगणात येऊन उभी राहिल्यावर मग ओशाळून भुंकायची.

पहिल्याच आठवड्यात चार्जरवर लाल दिवा लागायला लागला. वीज घेईचना. कंपनीचा माणूस म्हणाला, चार्जर चांगला आहे, तुमच्या घराचं अर्थिंग खराब आहे. आता अर्थिंग म्हणजे काय, तर वीज कुठं चुकली-भटकली तर तिला जमिनीत जायला वाट. आमच्याकडं ती वाट कोरडी पडली होती. मग खड्डा घेतला, पत्रा पुरला, कोळसा-मीठ भरलं, आणि मी नेम लावून घेतला. सकाळी तुळशीला पाणी घातलं की तांब्यात उरलेलं अर्थिंगच्या खड्ड्याला. आमचे मालक विचारायचे, "हे कुठलं नवं दैवत?" मी म्हणायचे, "हे पावणारं हाय. संध्याकाळपर्यंत गाडी भरून देतं."

सर्व्हिसला मी स्वतः जाते. मुलाला वेळ नसतो आणि मला दुसऱ्यानं सांगितलेलं पटत नाही. तिथं काचेच्या खोलीत बसवतात, कॉफी देतात, भिंतीवर टीव्ही. मी कॉफी पिते आणि गाडीपाशी जाऊन उभी राहते. पहिल्यांदा त्यांना अवघड वाटलं. मग ती सर्व्हिसची मुलगी, सल्लागार म्हणतात तिला, तीच मला एकेक दाखवायला लागली. ह्या नारिंगी वायरींना कधी हात लावायचा नाही, मोठ्या बॅटरीच्या आहेत. हे पाणी बॅटरी गार ठेवायचं. इंजिन कमी चाललं तरी तेल बदलायचंच, बसून बसूनही तेल म्हातारं होतं.

"आणि मॅडम, नुसती विजेवर चालवत राहिलात ना, तरी इंजिन अधूनमधून आपलं आपण सुरू होईल. तुम्ही सांगितलं नाही तरी. चढ लागला, जोरात पाय दिलात, बॅटरी फार तापली, किंवा नुसतंच खूप दिवस बंद राहिलं म्हणून. घाबरू नका."

"म्हंजी तिच्या मनावर हाय."

"हो, तसंच समजा."

हे एक वाक्य मी डोक्यात ठेवलं होतं, म्हणून पुढचं निभावलं.

ऊस तुटायला लागला की शेतातले उंदीर घराकडं धावतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून मी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधते. सर्व्हिसवाल्यांना ती दोन बोटांत धरून बाहेर काढताना बघायची मजा वेगळीच. असो. फाटे फुटायला लागले. मुद्द्यावर येते.

संक्रांत होऊन गेली होती. तोडी जोरात होत्या. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, मागं दिवा ना लाल कापड. मी आणि सूनबाई सणसरला गेलो, दादाला आणि वहिनीला गाडी दाखवायला. घेतल्यापासून दादानं ती बघितलीच नव्हती.

दादाचं सांगते. आमच्या गावात इंजिन उघडून पुन्हा बसवणारा पहिला माणूस तो. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं की लोक आधी दादाकडं यायचे, मग देवाकडं. पण गेल्या वर्षी डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याला नीट दिसेना, आणि पोरांनी ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. चांगल्यासाठीच घेतली. पण तेव्हापासून माणूस ओसरीवर बसून नुसता रस्त्याकडं बघायचा. वहिनी फोनवर म्हणायची, "बोलत न्हाईत. कशालाच हात लावीत न्हाईत. चहाचा कप बी मीच हातात द्यायचा."

त्या दिवशी मात्र गाडी बघून त्याच्या तोंडावर रंग आला. चारी बाजूंनी फिरला. चाकावर थाप मारली. "आवाज कुठाय हिला?" म्हणाला. मी म्हटलं, "जेवून सांगते सगळं." तेवढंच चुकलं. जेवायच्या आधी सांगायला पाहिजे होतं.

जेवण झालं. निघायच्या वेळेला वहिनी माझी ओटी भरायला बसली. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. आमच्या माहेरची रीत अशी की ओटी भरली की बाईनं उंबरा ओलांडायचा आणि सरळ वाटेला लागायचं. मागं फिरायचं नाही, परत बसायचं नाही. आणि लेकीला रिकाम्या हातानं लावून द्यायचं नाही. दादा मात्र ओटीच्या वेळेला आत नव्हता. मला वाटलं, तंबाखू खायला गेला असेल.

मी पदरात ओटी घेऊन गाडीत बसले. सूनबाई शेजारी. ब्रेकवर पाय ठेवला आणि चालू करायच्या बटणाकडं बोट नेलं. तेवढ्यात दादा खिडकीशी आला. धोतराला हात पुसत होता. बऱ्याच महिन्यांनी मी त्याला हसताना बघितलं.

"तुझी वटी वहिनीनं भरली," म्हणाला, "गाडीची म्या भरली."

वास माझ्या नाकात आला आणि बोट हवेतच थांबलं.

"कशानं भरली दादा?"

"कशानं म्हंजी? डिझलनं. ट्रॅक्टरचा क्यान होता भरलेला. नरसाळं लावून, वर धोतराचं फडकं धरून, गाळून घातलंय. कचऱ्याचा कण जायचा न्हाय." आणि मोठ्या कौतुकानं सांगायला लागला, "आधी म्या डावीकडचं झाकण उघडलं. तर आत नुसती भोकंच भोकं! म्हटलं, ह्यात वतायचं कसं, चाळणी हाय का काय? मग दुसरं झाकण दिसलं, ते काय उघडंना. आत बसून सगळी बटनं बघितली, एकावर पंपाचं चित्र व्हतं, ते दाबलं. जरा येळानं फुस्स झालं आन् उघडलं."

गाडीला माहेरी कुलूप कोण लावतं? आणि एका डोळ्यानं बघणाऱ्या त्या माणसानं, कुणाला न विचारता, ती वीसभर बटणं धुंडाळून नेमकं बटण शोधलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला इंग्रजीत बारीक लिहिलेलं तेवढं त्याला दिसलं नव्हतं. आणि दिसायची गरजही वाटली नव्हती. एवढी मोठी गाडी, ती काय पेट्रोलवर चालेल?

सूनबाई माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, बोलू नका काही. बॅटरी भरलेली आहे. विजेवर जाऊ घरापर्यंत, सावकाश. इंजिन लागणारच नाही. मामांना कशाला कळवायचं? उद्या बघू."

तिचं खोटं नव्हतं. सणसर ते बारामती, सपाट रस्ता, बॅटरीवर आरामात झाला असता. दादा हसत उभा राहिला असता, हात हलवला असता, आणि त्याला जन्मात कळलं नसतं. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? त्या माणसानं वर्षभरात पहिल्यांदा कशाला तरी हात लावला होता. आता त्याला सांगायचं, की लावलास तो हात चुकला?

पण गाडी तिच्या मनाची होती. वाटेत एखादी उसाची ट्रॉली ओलांडायला जरा पाय दाबला गेला असता आणि तिला वाटलं असतं, चला, इंजिन लावू. मग ते डिझेल नळ्यांतून, पंपातून सगळीकडं फिरलं असतं. भर रस्त्यात बंद पडली असती आणि आठ दिवसांत दादाच्या कानावर गेलंच असतं, कारण आमच्याकडं गाडी बंद पडली हे गाडीवाल्याच्या आधी त्याच्या नातेवाइकांना कळतं. मग त्याला दोन गोष्टी कळल्या असत्या. एक, की त्यानं चूक केली. दुसरी, की बहिणीनं त्याला सांगायच्या लायकीचा धरला नाही. पहिली त्यानं सोसली असती. दुसरी नसती सोसली.

आणि शंका आली तर आधी बंद कर, हे मला शिकवलं होतं कुणी? माझ्या पुढ्यातच उभा होता.

मी बोट मागं घेतलं. म्हटलं, "दादा, ही गाडी पेट्रोलची हाय."

तो हसतच राहिला, थोडा वेळ. मग हसू नुसतं तोंडावर राहिलं, डोळ्यांतनं गेलं. "चेष्टा करतीस."

"न्हाय रे. दोन तोंडं हायत हिला. एक विजेचं, ती भोकं बघितलीस ते. दुसरं पेट्रोलचं."

वहिनी दारातून म्हणाली, "अगं बाई!" आणि तोंडावर पदर धरला. दादा ओसरीच्या कट्ट्यावर बसला. हातांकडं बघत राहिला. "म्हंजी म्या मारली तुझी गाडी," म्हणाला. "पोरांनी किल्ली घेतली ते बराबरच केलं."

मी म्हटलं, "मेली न्हाय. गाईनं चुकून भलतंच खाल्लं, पण अजून पोटात हाय, अंगात भिनलं न्हाय. तू सांग आता, काय करायचं? मी बटण दाबलेलं न्हाय."

सूनबाई काहीतरी बोलायला गेली, तिचा हात दाबला. मला माहीत होतं त्याला जरा वेळ लागतो. आधी बंद, मग विचार.

बऱ्याच वेळानं त्यानं मान वर केली. "बटन दाबलं न्हाईस?"

"न्हाय."

"दाबू बी नगंस. उतर खाली आधी. ए पोरी, तू बी उतर. किल्ली काढून हिकडं आण." आवाज थेट जुना. विहिरीवर लोकांना हुकूम सोडायचा तो. "टाकी रिकामी केल्याबिगर हिला कुणी हात लावायचा न्हाय."

मी उतरले, आणि माझा निम्मा जीव भांड्यात पडला. गाडीचं पुढचं पुढं. दादा उठला होता.

सर्व्हिसच्या मुलीला फोन लावला, स्पीकरवर. ती पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "मॅडम, गाडी चालू केली का?"

"न्हाय."

"बटण?"

"बोट नेलं होतं. टेकवलं न्हाय."

तिनं एवढा मोठा श्वास सोडला की वहिनीला ऐकू गेला. "मग काहीच झालेलं नाही. टाकी काढून धुवावी लागेल, बाकी सगळं वाचलं. नुसतं बटण दाबलं असतं ना, तरी पंपानं डिझेल पुढं ढकललं असतं, इंजिन लागो न लागो."

सूनबाईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं माझ्या भावावरच्या मायेनंच ते सुचवलं होतं.

दादा फोनजवळ सरकला. "बाई, मी तिचा भाऊ बोलतुय. ट्रॅक्टर लावून वढून आणू का पुण्याला? नायतर निदान बारामतीपर्यंत?"

"नाही आजोबा, ओढायची नाही. चाकं फिरली की आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते. गाडी बंद असताना ते नको. आम्ही सपाट पाठीचा ट्रक पाठवतो, गाडी उचलून वर ठेवायची."

दादाच्या कपाळाला आठी पडली. "चाक फिरल्यावर वीज? म्हंजी डायनमो हाय."

"हो, डायनमोच. मोठा."

"मग आसं सांगा की." त्यानं मान डोलावली. "मग वढायची न्हाय. बराबर हाय तुमचं." आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "पोरगी हुशार हाय."

ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. आता खरा घोटाळा माझाच झाला. ओटी भरून झालेली, उंबरा ओलांडलेला. वहिनी दारात आडवी. "वन्सं, वटी भरल्याली बाई माघारी आत येत न्हाय. आमच्या सासूबाईंनी मला बजावून ठिवलंय."

"मग मी काय अंगणात झोपू? सासूबाई माझी आई होती, तिनं मला तरी बाहेर ठेवलं असतं का?"

वहिनीनं विचार केला. मग तिनंच तोड काढली. माझ्या पदरातली ओटी तिनं परत सुपात घेतली, तांदळासकट, आणि देवापुढं ठेवली. "झालं," म्हणाली, "भरलीच न्हाय आसं समजायचं. सकाळी नव्यानं भरीन. या आत." सूनबाईला हसू आवरेना. मी कितीतरी वर्षांनी माहेरी मुक्काम केला. दादा त्या रात्री नीट जेवला नाही, पण झोपायच्या आधी मला विचारून गेला, "ती भोकं हायत, त्यातनं वीज कशी जाती? धक्का न्हाय बसत?" मी सांगितलं. तो गेला, आणि परत आला. "आन् बॅटरी कुठं ठिवलीय? खाली? पाणी लागलं तर?"

सकाळी ट्रक आला. ट्रकवाल्यांनी चारी चाकांखाली छोटे गाडे घातले आणि दोरानं गाडी हळूच वर ओढली. तोवर निम्मी आळी जमा झाली होती. शेजारचे एक तात्या मोटरसायकलवरून उतरून दादाला म्हणाले, "काय आबा, बहिणीची नवी गाडी म्हशीवानी ट्रकात घातली? माहेरी आली आन् आजारी पडली काय?"

मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. दादा माझ्या आधी बोलला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्या डिझल घातलं तिच्यात. ती पेट्रोलची हाय."

लोकांनी एकदा गाडीकडं, एकदा दादाकडं बघितलं. मग तात्याच म्हणाले, "पेट्रोलची? एवढी मोठी?" आणि डोकं खाजवलं. "मग म्या बी तेच केलं आसतं की ओ."

"तू केलं आसतंस, पर तू गाळून घातलं नसतंस," दादा म्हणाला, आणि आळीला हसू फुटलं. त्यालाही.

मग तो आत गेला, टोपी घालून आला. "मी येतुय पुण्याला."

वहिनीनं माझी ओटी दुसऱ्यांदा भरली आणि आम्ही तिघं भाड्याच्या गाडीनं ट्रकच्या मागोमाग निघालो.

सर्व्हिस सेंटरमध्ये दादाला काचेच्या खोलीत बसवलं. त्यानं कॉफी घेतली नाही, टीव्ही बघितला नाही, काचेला नाक लावून उभा. शेवटी ती मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "आजोबा, या आत. इथून दिसणार नाही तुम्हाला." त्याला लांब उभं करून तिनं सगळं दाखवलं. टाकी रिकामी करताना त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "माझंच हाय." फिल्टर काढून दाखवला, नळ्या दाखवल्या. इंजिनकडच्या नळीत डिझेलचा थेंब नव्हता. टाकी धुतली, नवं पेट्रोल घातलं. मग तिनं आत बसून बटण दाबलं.

काहीच आवाज नाही.

दादानं माझा दंड धरला. धरला म्हणजे काय, बोटं रुतली.

"आजोबा, चालू आहे. विजेवर आहे. थांबा, इंजिन लावते." तिनं काहीतरी केलं, आणि पुढून बारीक घरघर सुरू झाली. दादानं पुढं होऊन बॉनेटवर तळवा ठेवला. डोळे मिटले. चांगला डोळाही मिटला. सगळे मेकॅनिक हातातलं काम सोडून बघत होते आणि तो ऐकत होता, विहिरीवरचं इंजिन ऐकायचा तसा.

"बराबर चाललंय," म्हणाला. "तिच्या गळ्यापर्यंत गेलं न्हाय."

परत येताना तो माझ्या शेजारी बसला, सूनबाई मागं त्या आरामाच्या सीटवर. हडपसर ओलांडून मोकळा रस्ता लागेपर्यंत त्याचं लक्ष समोरच्या पडद्यावर होतं. गाडी विजेवर गेली की विचारायचा, "बंद पडली का?" इंजिन लागलं की, "आता लागलं, व्हय?" घर येईपर्यंत विचारणं बंद झालं. इंजिन लागायच्या आधीच, "आता लागंल बघ," म्हणायला लागला. आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं.

पाडव्याच्या सुमाराला त्याचाच फोन आला. तो फोन कधी करत नाही. "गाडी घिऊन ये," म्हणाला. "रिकामी करून ये. विजेची."

मी गेले. अंगणात नवा पत्र्याचा मांडव. भिंतीवर झाकणाचा जाड सॉकेट, त्याला वेगळा फ्यूज. खाली कोपऱ्यात विटांनी बांधलेला चौकोनी खड्डा, ओला. वायरमन आला होता, पण कोळसा-मीठ दादानं स्वतः भरलं होतं, असं वहिनीनं सांगितलं. "आन् रोज सकाळी तांब्या घिऊन जात्यात. मला म्हनत्यात, तू तुळशीचं बघ, हे मी बघतू." आणि तिथंच तो रंगारी बसला होता, डबा-कुंचला घेऊन. मी नको म्हणायच्या आत दादा म्हणाला, "म्या चुकलू, पर गावात माझ्यासारखी लय हायती. लिहून ठिवलेलं बरं." मुलगा नंतर महिनाभर हळहळला. मला ते फूल आवडलं.

दादानं डाव्या अंगाचं झाकण उघडलं. वायर धरली, भोकांशी भोकं जुळवली, एका डोळ्यानं, जरा वेळ लावून, आणि खट करून बसवली. हिरवा दिवा लागला. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि तो दिवा बघत उभा राहिला. मी आत जाऊन जेवले, वहिनीशी पोटभर बोलले, ओटी घेतली, एकदाच. बाहेर आले तेव्हा तो वायर गुंडाळत होता, विहिरीवरचा दोर गुंडाळतात तशी, कोपर आणि पंजा धरून.

"भरली," म्हणाला. "आता दाब बटन."

मी दाबलं. आवाज आला नाही, आणि ह्या वेळेला त्यानंही विचारलं नाही.